नाव झाकून बघा : जयंत नारळीकर आणि त्यांची आयुका

(रविवारी संध्याकाळी अँटॉप हिलला, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या गप्पांचं हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय. 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे कमी केलेत. शेवटची दोन प्रश्नोत्तरं ऑडिओत नीट ऐकू येत नाहीत, ती इथे पूर्ण दिली आहेत.)

सगळे स्थिरावलात ना? काकू, तो पंखा एकवर करता का जरा, माइकमध्ये आवाज येतोय. थँक्यू.

आजचा विषय जयंत नारळीकर. २० मे २०२५ ला ते पुण्यात गेले, वयाच्या ८६ व्या वर्षी. त्यानंतर आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर तेच चार फोटो फिरले. पद्मविभूषण, केंब्रिज, विज्ञानकथा, साधेपणा. सगळं खरं आहे. पण मला त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट या फॉरवर्डमध्ये कुठेच दिसली नाही, आणि मी आज तिच्याबद्दलच बोलणार आहे.

गोष्ट अशी. या माणसानं संशोधक म्हणून जवळजवळ सगळं आयुष्य अशा सिद्धांताच्या बाजूनं घालवलं, जो जगातल्या बहुतेक शास्त्रज्ञांनी नाकारला. आणि याच माणसानं एक संस्था उभी केली, १५ वर्षं चालवली, आणि ती संस्था आपल्या सिद्धांताचा किल्ला होऊ दिली नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, फिजिक्सवाला नाही. बीटेकच्या पहिल्या वर्षाला जेवढं फिजिक्स होतं तेवढंच. त्यामुळे सूत्रं नाहीत, घाबरू नका. पण टीम म्हणजे काय आणि टीममध्ये मतभेद म्हणजे काय, हे मला रोज दिसतं. त्या बाजूनं बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वाढले बनारसला, कारण वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख होते. आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. घरात फळा होता. एक मामा, मोरूमामा, शिकायला त्यांच्याकडे राहायचे. ते फळ्यावर गणित लिहून ठेवायचे, वर लिहायचे की हे जयंतला आव्हान. गणित सुटेपर्यंत ते फळ्यावरून पुसलं जायचं नाही. मला हे भारी वाटतं, कारण फळ्यावरचं गणित सोडवणारा कोण आहे हे बघत नाही. ते सुटतं किंवा सुटत नाही.

१९५७ मध्ये केंब्रिज. तिथे गणिताच्या परीक्षेत पहिला येणाऱ्याला सीनियर रँग्लर म्हणतात, तो मान त्यांनी मिळवला. मग पीएचडीला गुरू मिळाले फ्रेड हॉईल. आणि इथून आपली गोष्ट सुरू होते.

हॉईल कोण? 'बिग बँग' हा शब्द ज्यांनी पहिल्यांदा वापरला, ते हे. १९४९ मध्ये, बीबीसी रेडिओवरच्या एका भाषणात. म्हणजे त्या काळचा पॉडकास्टच. आणि गंमत बघा, ज्याचं नाव त्यांनी ठेवलं तो सिद्धांत त्यांना स्वतःला मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, विश्व एका क्षणी सुरू झालं असं मानायची गरज नाही. विश्व प्रसरण पावतंय हे कबूल. पण जसजशी जागा वाढते, तसतसं अगदी थोडं थोडं नवं द्रव्य तयार होत राहतं. इतकं थोडं, की कुठल्या प्रयोगशाळेत पकडता येणार नाही. त्यामुळे विश्व आज दिसतं तसंच पूर्वी होतं आणि पुढेही असेल. याला स्थिर स्थितीचा सिद्धांत म्हणतात. १९४८ मध्ये हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी तो मांडला.

सिद्धांत सुंदर आहे की नाही, हा एक भाग. खरा की खोटा हे बघायचं कसं? १९६१ मध्ये केंब्रिजचेच मार्टिन राईल यांनी आकाशातले रेडिओ स्रोत मोजले. लांबचे, म्हणजे जुने स्रोत त्यांना जास्त भरले. म्हणजे विश्व पूर्वी वेगळं होतं, म्हणजे स्थिर स्थिती संपली, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर उत्तर द्यायची सभा ठरली आणि नेमकं हॉईलना दुसरीकडे भाषण होतं. मग उभं कोण राहिलं? पीएचडीला नुकताच लागलेला बावीस वर्षांचा नारळीकर. समोर सगळे दिग्गज. आपल्यातल्या कुणाला पहिल्याच वर्षी क्लायंटसमोर एकट्याला उभं केलं असेल, तर ते पोटातलं फुलपाखरू काय असतं ते कळेल.

मग १९६४ मध्ये हॉईल आणि नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आला. पेपरात पहिल्या पानावर बातम्या. १९६५ मध्ये पद्मभूषण. वय २६! माझ्यापेक्षा लहान. (हशा)

आणि त्याच वर्षी, १९६५ मध्ये, अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना सगळ्या आकाशातून येणारी एक मंद उष्णता सापडली. अँटेना साफ केला, त्यात बसलेली कबुतरं हाकलली, तरी तो सिग्नल जाईना. महास्फोटाच्या सिद्धांतात अशी उरलेली ऊब असायलाच हवी होती. स्थिर स्थितीवाल्यांकडे तिचं सरळ उत्तर नव्हतं. तेव्हापासून बहुतेक जग महास्फोटाच्या बाजूला गेलं.

नारळीकर गेले नाहीत. म्हणजे हट्टानं जुनंच धरून बसले असंही नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सिद्धांत बदलून नव्यानं मांडला. त्यात छोटे छोटे स्फोट होते, विश्वाचं आकुंचन-प्रसरण होतं. पण तो काही बहुमतात आला नाही. सभ्य भाषेत सांगायचं तर, संशोधक म्हणून ते आयुष्यभर अल्पमतात राहिले.

आता संस्थेकडे येऊ.

१९७२ मध्ये ते भारतात परतले. आपल्या मुंबईत, कुलाब्याला, टीआयएफआरमध्ये. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'चार नगरांतले माझे विश्व'. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. त्यातलं तिसरं नगर आपलं. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये हॉईलनी राजीनामा दिला. त्यांनी १९६६ मध्ये सैद्धांतिक खगोलशास्त्राची एक छोटी संस्था सुरू केली होती आणि नारळीकर तिथे पहिल्या दिवसापासून होते. उन्हाळ्यात जगभरातून लोक यायचे, काही आठवडे राहायचे, एकत्र काम करायचे. ती मजा त्यांनी बघितली. आणि विद्यापीठाच्या राजकारणाला कंटाळून संस्थापक कसा बाहेर पडतो, हेही बघितलं.

मग १९८८. यशपाल तेव्हा यूजीसीचे अध्यक्ष. तेही मूळ टीआयएफआरचेच. आपल्याकडे एक अडचण झाली होती. चांगले संशोधक मोठ्या संस्थांमध्ये गेले आणि विद्यापीठं कोरडी पडली. विचार करा, तेव्हा इंटरनेट नाही. लहान गावातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एखादे सर आहेत, डोकं चांगलं आहे, संशोधन करायची इच्छा आहे. पण जर्नल येत नाही, कॉम्प्युटर नाही, चर्चा करायला माणूस नाही. पाच वर्षांत ती इच्छा मरते. त्यांचे विद्यार्थी कोण? आपले आईवडील.

यशपाल यांनी म्हटलं, विद्यापीठांच्या सामायिक मालकीची एक संस्था काढू. ती आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांनी आयुका. पुणे विद्यापीठाच्या आवारात. नारळीकर संस्थापक संचालक, बरोबर नरेश दधीच आणि अजित केंभावी. नारळीकरांचं वय तेव्हा पन्नास. टीआयएफआरमध्ये सगळं व्यवस्थित होतं. त्या वयात स्टार्टअपला गेले, असं म्हणा.

यात मला आवडते ती त्यांची असोसिएट योजना. कुठल्याही विद्यापीठातला किंवा कॉलेजातला शिक्षक तीन वर्षांसाठी आयुकाचा असोसिएट होऊ शकतो. वर्षातून काही आठवडे यायचं, राहायची सोय, येण्याजाण्याचा खर्च संस्थेचा. लायब्ररी वापरा, कॉम्प्युटर वापरा, बरोबरीनं काम करा आणि परत आपल्या वर्गात जा. संस्थेत कायमचे प्राध्यापक मूठभरच. पण देशभर पसरलेले असोसिएट धरले तर कुटुंब मोठं. आमच्या भाषेत, कोअर टीम लहान आणि कॉन्ट्रिब्यूटर भरपूर. ओपन सोर्सवाले हसतायत, त्यांना कळलं.

इमारत चार्ल्स कोरिया यांची. मधल्या कुंडात चार पुतळे आहेत, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईनस्टाईन. फुको पेंडुलम आहे, पृथ्वी फिरते ते डोळ्यांनी दाखवणारा. डिसेंबर १९९२ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते संस्थेचं लोकार्पण झालं. त्याच वर्षी, लक्षात घ्या, कोबे नावाच्या उपग्रहानं त्या मंद उष्णतेतले सूक्ष्म चढउतार दाखवले होते. म्हणजे महास्फोटाची बाजू आणखी पक्की झाली होती.

आता स्वतःला त्या खुर्चीत बसवा. तुमचा सिद्धांत जगानं नाकारलाय. तुमच्या हातात नवी कोरी संस्था आहे. कोणाला नोकरी द्यायची, कोणाला पीएचडीला घ्यायचं, कोणत्या परिषदेला पैसे द्यायचे, शेवटची सही तुमची. काय कराल? आपल्याकडे संस्थाचालक काय करतात ते आपण बघितलंय. आपली माणसं भरतात. कोणी विचारत नाही, वाईटही वाटत नाही, ती पद्धतच आहे.

आयुकात कोण होतं बघा. थाणू पद्मनाभन, विश्वाची रचना कशी घडली यावर १९९३ मध्ये त्यांचं पाठ्यपुस्तक आलं. वरुण साहनी, कृष्ण ऊर्जेवर काम करणारे. तरुण सौरदीप, ती जी मंद उष्णता, तिच्यावरच काम करणारे. हे सगळं काम महास्फोटाच्या चौकटीतलं. म्हणजे संचालकाच्या खोलीपासून थोड्या अंतरावर, संचालकाच्या सिद्धांताच्या विरुद्ध जाणारं काम, संचालकाच्याच संस्थेच्या पैशानं चालू होतं, आणि उत्तम चालू होतं. स्वतः नारळीकर मात्र आपलं संशोधन थांबवत नव्हते. हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर २००० मध्ये पुस्तकही लिहिलं. सेमिनारमध्ये वाद घालायचा तर घाला. पण वाद सेमिनारमध्ये. नेमणुकीच्या फाइलमध्ये नाही.

आणखी एक नाव, संजीव धुरंधर. गुरुत्वीय लहरी. १९९० च्या आसपास या लहरी कुणी पकडलेल्या नव्हत्या, कधी पकडल्या जातील याची खात्री नव्हती. धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी आयुकात बसून काय केलं, तर गोंगाटातून लहर ओळखायची कशी याचं गणित बसवलं. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता तुम्हाला तुमच्या मुलीची हाक ऐकू येते ना? कारण ती हाक कशी असते हे डोक्यात आधीच आहे. तसंच. लहर कशी दिसेल याचे हजारो नमुने आधी तयार ठेवायचे आणि गोंगाटावर एकेक लावून बघायचे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोनं पहिली लहर पकडली. त्या विश्लेषणाच्या पायात हे पंचवीस वर्षांपूर्वीचं काम होतं. आणि आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सुमारे २६०० कोटींना मंजुरी दिली. पंचवीस वर्षं 'अजून काही सापडलं का' असं न विचारता एखाद्याला काम करू देणं, हे आमच्या क्वार्टरली टार्गेटच्या दुनियेत कल्पनेतही बसत नाही.

हे त्यांना कसं जमलं असेल? मला उत्तराचा एक धागा सापडतो, आणि तो आपल्या अगदी शेजारी आहे. इथून हार्बर लाइननं जा, गुरु तेग बहादूर नगरच्या पुढे चुनाभट्टी. तिथे मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे. या परिषदेनं १९७४ मध्ये विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांना कथा पाठवायची होती. पण तोवर नाव इतकं मोठं, की परीक्षक नाव बघूनच बक्षीस देतील. म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं, नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. कथा होती 'कृष्णविवर'. पहिलं बक्षीस मिळालं.

आता दुसरं टोक बघा. २००८ मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर ज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या कुंडल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. नावं झाकलेली. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या बघून उत्तरं पाठवली. सगळ्यांत चांगली कामगिरी ४० पैकी २४, आणि सरासरी निम्म्याच्याही खाली. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. यात त्यांनी ज्योतिषांना शिव्या दिल्या नाहीत. नाव झाका आणि तपासा, एवढंच.

म्हणजे कथा स्वतःची असो की कुंडली दुसऱ्याची, नियम एकच. नाव बाजूला, दावा टेबलावर. मला वाटतं, संस्था चालवतानाही त्यांनी हेच केलं. संचालक नारळीकरांनी संशोधक नारळीकरांना रांगेत उभं केलं, बाकीच्यांसारखं.

आता मला हे का लागलं ते सांगतो. कंपनीचं नाव सांगणार नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे एका मोठ्या सिस्टिमचं डिझाइन ठरवायचं होतं. मी एक सुचवलं, दुसऱ्या टीमनं दुसरं. वरच्यांनी दुसरं निवडलं. आणि ते बांधायचं काम माझ्याकडे दिलं. माझं अजूनही मत आहे की माझं डिझाइन बरं होतं. पण टीममध्ये एक ज्युनिअर आहे, दीड वर्षाचा अनुभव. तिचं वर्षभराचं सगळं काम या दुसऱ्या डिझाइनवर आहे, आणि काम सुरेख आहे. पुढच्या महिन्यात तिचं ॲप्रायझल मी लिहिणार. तिला माझं मत माहीत आहे. मीटिंगमध्ये मी नुसतं 'हं' म्हटलं तरी ती माझ्या चेहऱ्याकडे बघते. तिच्या रेटिंगच्या फॉर्मवर माझ्या डिझाइनचा रकाना नाही. तो माझ्या डोक्यात आहे आणि तिथून तो मलाच बाहेर ठेवायचाय. नारळीकरांना हे पंधरा वर्षं, किती तरी मोठ्या गोष्टींवर करावं लागलं असेल. म्हणून मला साधेपणाच्या फोटोंपेक्षा हे मोठं वाटतं.

शेवटी मुलांबद्दल. शाळकरी मुलं सही मागायची. ते म्हणायचे, मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन, त्याखाली सही असेल. आणि उत्तरं द्यायचे. पुढे पुलंच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून आयुकात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली. इमारतीचं नाव पुलस्त्य, सप्तर्षींतला तारा आणि त्यात लपलेले पुल. अरविंद गुप्तांनी तिथे अनेक वर्षं काडेपेटी आणि जुन्या टायरच्या ट्यूबमधून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवलं. २००३ मध्ये नारळीकर संचालकपदावरून निवृत्त झाले, दधीच आले, मग केंभावी. संस्था चालू राहिली.

एवढंच. प्रश्न असतील तर घेऊ.

काका (सेक्टर सात) : तुझं सगळं बरोबर आहे रे. पण मला एक सांग, आयुष्य चुकीच्या सिद्धांतात घालवलं म्हणजे वायाच ना? आम्ही सरकारी नोकरीत अशी माणसं पाहिली, एका फाइलमागे पंचवीस वर्षं.

काका, चांगला प्रश्न. दोन गोष्टी. एक, विरोधक नसेल तर बहुमत आळशी होतं. राईल यांना आपली मोजणी पुन्हा पुन्हा घट्ट करावी लागली, ती समोर हॉईल आणि नारळीकर होते म्हणून. दुसरं, ते तपासण्यासारखे प्रश्न विचारत राहिले. जीवाणू बाहेरच्या अवकाशातून येतात का, हे बघायला त्यांच्या गटानं हैदराबादहून बलून ४१ किलोमीटरवर सोडला, हवेचे नमुने आणले. पुढच्या अशाच एका प्रयोगात जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, त्यातल्या एकीला हॉईल यांचं नाव दिलं. ते बाहेरून आले हे काही सिद्ध झालं नाही. पण नुसतं म्हणत बसण्यापेक्षा वर जाऊन बघितलं ना?

काकू : आणि त्या मुलीच्या ॲप्रायझलचं काय करणार तू?

(हशा) काकू, काम बघून लिहिणार. माझं डिझाइन बरं होतं की नाही, तो वाद पुढच्या मीटिंगमध्ये, तिच्यासमोर घालीन. तिनं जिंकला तर चहा माझ्याकडून.

चला, इथेच थांबू. खुर्च्या मागे लावायला दोन जण थांबा प्लीज. हॉल साडेआठला द्यायचाय.